चिनी विद्यार्थ्यांसाठी सहा विधानांची प्रश्नावली: अल्फा चांगला आला, पुढे काय?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते. संकटानंतर पुन्हा सावरण्याची क्षमता, म्हणजे मानसिक उभारी, मोजण्यासाठी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ब्रीफ रेझिलियन्स स्केल’ ही सहा विधानांची प्रश्नावली आपण आणि आपल्या चीनमधील चेंगडू येथील सहसंशोधकांनी चिनी भाषेत आणली आणि तेथील एका विद्यापीठातील सुमारे सहाशे विद्यार्थ्यांकडून मोबाइलवर भरून घेतली. विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रॉनबॅक अल्फा ०.७६ आला, परंतु शोधक घटक विश्लेषणात, म्हणजे उत्तरांमागे किती समान लक्षणे (घटक) आहेत हे शोधणाऱ्या पद्धतीत, अपेक्षित एका घटकाऐवजी दोन घटक निघाले. आपले मार्गदर्शक म्हणतात की अल्फा ०.७० च्या वर असल्यामुळे काम झाले; नियतकालिकाचे परीक्षक म्हणतात की वैधता सिद्ध झालेलीच नाही. शिवाय त्या विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राला याच गुणांवरून नव्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला भेटीसाठी बोलवायचे ते ठरवायचे आहे, आणि आपल्याला पुढे पुण्यातील विद्यार्थ्यांशी तुलना करायची आहे.

परीक्षकांचे म्हणणे बरोबर आहे, पण म्हणून जमवलेला डेटा वाया गेला असे होत नाही. खरी अडचण अशी आहे की आपण एकाच प्रश्नात तीन वेगळे प्रश्न विचारले आहेत आणि तिन्हींना लागणारा पुरावा वेगळा आहे. विद्यार्थ्यांच्या गटांत उभारीचा अभ्यास करणे हा पहिला वापर, एकेका विद्यार्थ्याची निवड करणे हा दुसरा, आणि दोन देशांच्या सरासरींची तुलना हा तिसरा. अमेरिकेतील मानसशास्त्र आणि शिक्षणक्षेत्रातील तीन संघटनांनी मिळून काढलेल्या चाचणीविषयक मानकांच्या २०१४ च्या आवृत्तीत वैधतेची जी व्याख्या आहे तिचा गाभा हाच आहे: वैध किंवा अवैध ठरतो तो गुणांचा विशिष्ट हेतूसाठी लावलेला अर्थ, प्रश्नावलीचा कागद नव्हे. म्हणून ‘ही प्रश्नावली चिनी विद्यार्थ्यांसाठी वैध आहे’ असे विधान आपल्या निबंधात येऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत, कोणत्या वापरासाठी, कोणता पुरावा मिळाला, एवढेच लिहावे.

अल्फाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो या प्रकरणातला सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. अल्फा दोन गोष्टींवर चालतो: विधानांची संख्या आणि त्यांच्यातील सरासरी सहसंबंध. सहा विधानांमधील सरासरी सहसंबंध ०.३५ असेल तर अल्फा साधारण ०.७६ येतो, आणि वीस विधानांच्या एखाद्या विस्कळीत प्रश्नावलीत तो सहसंबंध अवघा ०.१५ असला तरी अल्फा ०.७८ पर्यंत जातो. तेव्हा ०.७६ हा आकडा सहा विधानांसाठी समाधानकारक आहे, पण ती सहा विधाने एकच गोष्ट मोजतात की दोन, हे तो सांगत नाही. दोन घटक असतानाही अल्फा असा येऊ शकतो, आणि आपल्याकडे नेमके तेच झाले आहे. विश्वसनीयतेचा दुसरा निर्देशांक ओमेगा काढावा हे बरे, मात्र तोही घटकरचना ठरल्यावरच काढावा, कारण तो त्या रचनेवरच आधारलेला असतो.

आता दोन घटकांकडे येऊ. आपण विधानांचे क्रमांक दिले आहेत त्यावरून दिसते की पहिल्या घटकात विधाने १, ३ आणि ५ गेली आहेत आणि दुसऱ्यात २, ४ आणि ६. या प्रश्नावलीत १, ३, ५ ही सरळ विधाने आहेत, म्हणजे ‘मी लवकर सावरतो’ या धाटणीची, आणि २, ४, ६ ही उलट विधाने आहेत, म्हणजे ‘मला सावरणे जड जाते’ या धाटणीची. घटकांची वाटणी जेव्हा विधानांच्या दिशेबरहुकूम अशी काटेकोर होते, तेव्हा अनुभवी माणसाच्या मनात पहिली शंका येते ती अशी की हा मनाचा दुसरा पैलू नसून विधानांच्या मांडणीचा परिणाम आहे. ‘उभारी’ आणि ‘उभारीचा अभाव’ असे दोन उपघटक करून त्यांना भारदस्त नावे देणारे निबंध मी परीक्षक म्हणून बरेच वाचले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना मी हाच प्रश्न विचारला आहे: ही दोन वेगळी लक्षणे आहेत याचा बाहेरचा पुरावा कोणता?

चिनी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा परिणाम ठळक होण्याची काही कारणे संशोधनात पुढे आली आहेत. पूर्व आशियातील उत्तरदाते एखाद्या गोष्टीच्या दोन्ही बाजूंना काही अंशी सहमती देतात, म्हणजे ‘मी लवकर सावरतो’ यालाही थोडे हो आणि ‘मला सावरणे जड जाते’ यालाही थोडे हो, आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नाही. या प्रवृत्तीला द्वंद्वात्मक विचारपद्धती असे म्हणतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत चिनी आणि जपानी विद्यार्थी अमेरिकन विद्यार्थ्यांपेक्षा मधला पर्याय अधिक निवडताना आढळले होते. तिसरी गोष्ट नम्रतेची: सरळ विधानांना जोरदार सहमती देणे म्हणजे एका अर्थी स्वतःची स्तुती करणे होय, आणि ज्या वातावरणात हे शोभत नाही असे मानले जाते तेथे सरळ विधानांवरचे गुण खाली सरकतात, उलट विधानांवरचे मात्र तितके सरकत नाहीत. नैराश्य मोजणाऱ्या वीस विधानांच्या ‘सीईएस-डी’ प्रश्नावलीतील चार सकारात्मक विधानांबाबतही चिनी नमुन्यांत असाच अनुभव आला आहे. ही सर्व कारणे संभाव्य आहेत; आपल्या डेटात यांपैकी कोणते काम करते आहे हे पडताळून पाहावे लागेल, गृहीत धरता येणार नाही.

पडताळणीची पहिली पायरी संस्कृतीची नसून निष्काळजीपणाची आहे. विधाने न वाचता भराभर उत्तरे देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्के असले तरी उलट विधानांचा खोटा घटक उभा राहू शकतो, हे संगणकीय नमुन्यांवर केलेल्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे. आपण वेन्ज्वानशिंग हे चीनमधील नेहमीचे सर्वेक्षण-व्यासपीठ वापरले असल्यामुळे प्रत्येक उत्तरपत्रिकेला लागलेला वेळ आपल्याकडे नोंदलेला असेल. एका विधानाला सरासरी दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला असेल, तर ती उत्तरपत्रिका बाजूला काढावी. सहाही विधानांना ‘पूर्ण सहमत’ किंवा सहाही विधानांना ‘पूर्ण असहमत’ असे उत्तर आले असेल तर तेही बाजूला काढावे, कारण सरळ आणि उलट विधानांना टोकाचे एकच उत्तर देणे सयुक्तिक नाही. सहाही ठिकाणी मधला पर्याय मात्र लगेच निष्काळजीपणा ठरवू नये. वर सांगितल्याप्रमाणे तो प्रामाणिक असू शकतो. असे गाळून विश्लेषण पुन्हा करावे आणि गाळण्यापूर्वीचे व नंतरचे दोन्ही निकाल निबंधात द्यावेत. गाळल्यावर दुसरा घटक विरघळला, तर आपल्या निम्म्या अडचणी तेथेच संपतील.

दुसरी पायरी म्हणजे शोधक विश्लेषण सोडून थेट पुष्टीकारक विश्लेषणाकडे, म्हणजे आधी मांडलेली रचना डेटाशी जुळते का ते तपासण्याकडे जाणे. प्रत्येक प्रश्नावलीसाठी आधी शोधक आणि मग पुष्टीकारक विश्लेषण करायचे, त्यासाठी नमुना दोन भागांत तोडायचा, हा आता एक कर्मकांडासारखा पाठ झाला आहे. ज्या प्रश्नावलीची रचना आधीच माहीत आहे तिच्याबाबत प्रतिस्पर्धी प्रतिरूपे (मॉडेल) मांडून त्यांची तुलना करणे अधिक प्रामाणिक आहे. मी तीन प्रतिरूपे मांडेन: सहा विधानांचा एक घटक, ज्यात ९ स्वातंत्र्यमात्रा (अंदाजायच्या संख्या वजा जाता डेटातील उरलेली माहिती) उरतात, परस्परसंबंधित दोन घटक, ज्यात ८ उरतात, आणि सहाही विधानांवर एक सामान्य घटक व शिवाय फक्त तीन उलट विधानांवर एक पद्धतिजन्य (विधानांच्या मांडणीतून येणारा) घटक, ज्यात ६ उरतात. सरळ आणि उलट अशा दोन्ही गटांसाठी पद्धतिजन्य घटक घातले तर ३ स्वातंत्र्यमात्रा उरतात आणि असे प्रतिरूप बहुधा नीट जुळतच नाही. ऋण प्रचरण (व्हेरियन्स), जे प्रत्यक्षात असूच शकत नाही, असे विचित्र निकाल येतात. त्या वाटेला जाऊ नये.

येथे दोन सावधगिऱ्या घ्याव्या लागतात. प्रतिरूपात जितके घटक वाढवाल तितके ते डेटाशी अधिक जुळणारच, तेव्हा ‘तिसरे प्रतिरूप सर्वांत चांगले जुळले’ हा शोध नव्हे. दुसरी सावधगिरी अशी की १९९९ पासून सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या मर्यादा, म्हणजे प्रतिरूप डेटाशी किती जुळते हे सांगणारा सीएफआय ०.९५ किंवा अधिक आणि ते किती चुकते हे सांगणारा आरएमएसईए ०.०६ किंवा कमी, सहा विधानांच्या प्रतिरूपाला डोळे मिटून लावता येत नाहीत. स्वातंत्र्यमात्रा कमी असताना चांगल्या प्रतिरूपाचाही आरएमएसईए फुगलेला दिसू शकतो, म्हणून तो विश्वास-अंतरासह द्यावा आणि उरलेले सहसंबंध नेमके कोणत्या जोडीत जास्त आहेत ते पाहावे. पाच पर्यायांची उत्तरे क्रमवाचक असतात. वितरण फार कलते असेल तर पॉलिकोरिक, म्हणजे क्रमवाचक उत्तरांसाठीच्या, सहसंबंधांवर आधारलेली पद्धत वापरावी, नसेल तर रोबस्ट मॅक्सिमम लाइकलिहूड ही अंदाजपद्धत चालते. ‘आर’ या सांख्यिकी प्रणालीतील ‘लव्हान’ या संचात दोन्ही सहज होतात. एसपीएसएस या संगणक-प्रणालीच्या नेहमीच्या घटक विश्लेषणात आयगेन मूल्य (घटकाने उत्तरांतील किती फरक टिपला ते) एकापेक्षा जास्त असले की घटक धरायचा, हा नियम मात्र विसरावा. घटकांची संख्या ठरवायचीच असेल तर समांतर विश्लेषण, म्हणजे यादृच्छिक डेटाशी तुलना, करावे.

निर्णय शेवटी बाहेरच्या चलांवर, म्हणजे या प्रश्नावलीबाहेर मोजलेल्या गोष्टींवर होतो. सरळ तीन विधानांची बेरीज आणि उलट तीन विधानांची दिशा फिरवून केलेली बेरीज या दोन्हींचा नैराश्य, चिंता, जीवनसमाधान, सामाजिक आधार यांच्याशी सहसंबंध काढावा. दोन्ही बेरजांचे चित्र सारखेच दिसले, तर दुसरा घटक मांडणीचा आहे आणि सहा विधानांचा एकच गुण वापरायला हरकत नाही. चित्र वेगळे दिसले तरी घाई करू नये, कारण जीवनसमाधानाच्या प्रश्नावलीतील विधाने सरळ असतात आणि नैराश्याच्या प्रश्नावलीतील विधाने बहुतांश त्रासाची असतात. सरळ विधाने सरळ विधानांशी आणि नकारात्मक विधाने नकारात्मक विधानांशी अधिक जुळली, तर तो पुन्हा मांडणीचाच खेळ असेल. म्हणून निकष-चलांमध्ये एखादे असे चल असावे जे विद्यार्थ्याच्या सहमतीवर अवलंबून नाही. एका प्रकल्पात आम्ही सत्रपरीक्षेतील अपयशानंतर पुढील सत्रात किती विद्यार्थ्यांनी विषय पुन्हा उत्तीर्ण केला हे पाहिले होते. तो निकष कच्चा होता, कारण त्यात उभारीखेरीज इतर अनेक गोष्टी मिसळतात, पण तो ‘सहमत-असहमत’ या पट्टीच्या बाहेरचा होता, आणि त्यामुळेच त्याचा सहसंबंध लहान असूनही मला तो मोलाचा वाटला.

आपण अनुवादाबद्दल फक्त ‘उलट-अनुवाद केला’, म्हणजे अनुवाद पुन्हा इंग्रजीत आणून मूळाशी ताडला, एवढेच लिहिले आहे. या प्रश्नावलीचे चिनी अनुवाद आधीपासून उपलब्ध आहेत आणि चिनी विद्यार्थ्यांवर ते वापरलेही गेले आहेत. नवा अनुवाद का केला याचे कारण परीक्षक विचारणारच. हाँगकाँग किंवा तैवानमधील अनुवाद पारंपरिक लिपीत असतो आणि तेथील बोलण्याची धाटणी मुख्य भूमीवरील विद्यार्थ्यांपेक्षा वेगळी असते, हे कारण पुरेसे आहे, पण ते लिहायला हवे. उलट-अनुवाद मूळ इंग्रजीशी जुळला म्हणजे विद्यार्थ्याला विधान तसेच समजले असे नाही. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या आत्मसन्मान मापिकेतील आठव्या विधानाचे आहे. इंग्रजीत त्याचा सूर ‘मला स्वतःबद्दल याहून अधिक आदर असता तर बरे झाले असते’ असा उणिवेचा आहे, परंतु प्रचलित चिनी अनुवादात ते ‘मी स्वतःसाठी अधिक आदर मिळवू इच्छितो’ अशा आकांक्षेसारखे वाचले जाते. मग आत्मसन्मान चांगला असलेले विद्यार्थीही त्याला आनंदाने होकार देतात आणि हे विधान बाकीच्या नऊ विधानांशी फटकून वागते. चिनी संशोधकांनी हे लक्षात आणून दिल्यावर कोणी ते विधान वगळतात, कोणी त्याची दिशा बदलून गुण देतात. अनुवाद व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही हे घडले, हा त्यातला मुद्दा आहे.

यावर उपाय एकच आहे: सात-आठ विद्यार्थ्यांना समोर बसवून, प्रत्येक विधान वाचताना मनात काय आले, कोणता प्रसंग आठवला, हाच पर्याय का निवडला, हे मोठ्याने सांगायला लावणे. हे काम डेटा गोळा करण्याआधी करायचे असते, तरी आपण आताही ते करावे. आपल्या सहसंशोधकांना हे एका दुपारचे काम आहे, आणि मी पाहिलेल्या निबंधांत सर्वाधिक दुर्लक्षित पुरावाही हाच आहे. मुलाखती घेताना विद्यार्थी एकाच विद्याशाखेचे नसावेत, आणि शक्य असल्यास ज्यांची घरची भाषा मॅंडरिन नाही असे काही तिबेटी, उइगूर किंवा यी समाजातील विद्यार्थी त्यांत असावेत. चेंगडू ज्या सिचुआन प्रांतात आहे तेथील विद्यापीठांत असे विद्यार्थी असतात, आणि नमुन्यात त्यांना धरून मग त्यांच्या भाषेचा विचारच न करणे योग्य नाही.

नमुन्याविषयी परीक्षकांनी ‘सोयीचा नमुना’ एवढीच तक्रार केली आहे, मला त्याहून मोठी अडचण दुसरीकडे दिसते. चीनमध्ये अशी प्रश्नावली बहुधा ‘फूदाओयुआन’, म्हणजे विद्यार्थ्यांची जबाबदारी पाहणारे पूर्णवेळ सल्लागार, वर्गाच्या वीचॅट किंवा क्यूक्यू गटावर टाकतात, आणि चार ते सहा जणांच्या वसतिगृहातील खोलीत बसून विद्यार्थी ती एकत्रच भरतात. याचे दोन परिणाम होतात. पहिला सांख्यिकीय आहे: एका वर्गातील उत्तरे एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. समजा प्रत्येक वर्गात तीस विद्यार्थी आहेत आणि वर्गांतर्गत सहसंबंध, म्हणजे एकाच वर्गातील उत्तरांमधले साम्य, फक्त ०.०५ आहे, तरी अभिकल्प-परिणाम (नमुना जितक्या पटीने आकुंचतो तो आकडा) २.४५ येतो, म्हणजे सहाशे विद्यार्थ्यांच्या नमुन्यातील माहिती सुमारे २४५ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकीच उरते. आपल्याकडे वर्गाची नोंद असेल तर प्रमाण त्रुटी वर्गनिहाय दुरुस्त करून घ्याव्यात. नसेल तर ही मर्यादा स्पष्ट लिहावी.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. ज्या सल्लागाराच्या हातात शिष्यवृत्तीच्या शिफारशी आणि वर्तनाच्या नोंदी असतात त्याच्याकडून आलेला दुवा उघडताना विद्यार्थी ‘हे कोण वाचणार?’ असा विचार करतोच, मग प्रश्नावलीच्या वर निनावीपणाची हमी लिहिलेली असो वा नसो. नव्या विद्यार्थ्यांची मानसिक आरोग्य तपासणी चिनी विद्यापीठांत नेहमीची आहे, आणि त्यात जास्त त्रास दिसलेल्यांना बोलावले जाते हे वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गातील मुलांना सांगतात. त्यामुळे त्रासाची विधाने दाबून भरली जातात. पुढील फेरीत दुवा संशोधकाच्या नावाने जावा, विद्यार्थी क्रमांक मागू नये, आणि विद्यापीठाच्या अधिकृत तपासणीपासून तो वेगळ्या महिन्यात पाठवावा.

एका विद्यापीठावरून ‘चिनी विद्यार्थी’ असे म्हणता येत नाही, हे आपण जाणताच. ‘दुहेरी प्रथम श्रेणी’ योजनेतील नामांकित विद्यापीठ आणि जिल्हा शहरातील तीन वर्षांचे व्यावसायिक महाविद्यालय यांतील विद्यार्थ्यांचे आयुष्य फार वेगळे असते. शिक्षक-प्रशिक्षणाच्या विद्यापीठांत मुलींची संख्या पुष्कळ जास्त असते तर अभियांत्रिकी विद्यापीठांत मुलांची. दुसरा नमुना घेणे शक्य असेल तर तो त्याच विद्यापीठातून न घेता वेगळ्या प्रकारच्या संस्थेतून घ्यावा. तीनशे विद्यार्थी पुरे आहेत, पण संस्था वेगळी हवी. खेड्यातून आलेला की शहरातून, एकुलता एक की भावंडे असलेला, लहानपणी आईवडील दूर शहरात कामाला असताना आजीआजोबांकडे वाढलेला की नाही, हे प्रश्न चिनी संशोधनात नेहमी विचारले जातात आणि उभारीच्या अभ्यासात ते निरर्थक नाहीत; तेवढे जरूर विचारावेत.

पुनर्चाचणी, म्हणजे त्याच विद्यार्थ्यांकडून काही दिवसांनी प्रश्नावली पुन्हा भरून घेणे, आपण केलेली नाही, ती करावी लागेल. अंतर दोन ते चार आठवड्यांचे ठेवावे, परंतु ते चिनी शैक्षणिक वर्षाच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून ठरवावे. सप्टेंबरमध्ये नव्या विद्यार्थ्यांचे लष्करी प्रशिक्षण असते, १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी असते, डिसेंबरमध्ये इंग्रजीची राष्ट्रीय परीक्षा आणि महिनाअखेरीस पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा असते, आणि त्यानंतर सत्रपरीक्षा व वसंतोत्सवाची सुट्टी येते. पहिली फेरी प्रशिक्षणाच्या थकव्यात आणि दुसरी सुट्टीनंतर घेतली, तर गुणांतील फरक प्रश्नावलीच्या माथी मारता येणार नाही. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरचा मध्य ही मला सर्वांत निवांत जोडी वाटते. दोन फेऱ्यांची उत्तरे जुळवण्यासाठी विद्यार्थ्यानेच तयार केलेली खूण वापरावी, उदाहरणार्थ आईच्या जन्माचा महिना आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकाचे शेवटचे दोन अंक. निकाल देताना साध्या सहसंबंधाऐवजी वर्गांतर्गत सहसंबंध गुणांक (येथे ‘वर्ग’ म्हणजे विद्यार्थ्यांचा वर्ग नव्हे; दोन फेऱ्यांचे गुण प्रत्यक्ष किती जुळतात ते तो मोजतो) द्यावा, कारण सगळ्यांचेच गुण सारखे वाढले तर साध्या सहसंबंधाला त्याचा पत्ता लागत नाही.

समुपदेशन केंद्राला मात्र आपण आत्ताच ‘नाही’ असे कळवावे. उभारीचा गुण कमी असणे हा आजार नाही आणि तो चांगला असणे ही सुरक्षिततेची हमीही नाही. शिवाय एकेका व्यक्तीबाबत सहा विधानांची अचूकता किती तोकडी असते ते पाहा: सहा ते तीस या बेरजेच्या पट्टीवर प्रमाण विचलन ४ आणि विश्वसनीयता ०.७६ धरली, तर मापनाची प्रमाण त्रुटी जवळजवळ २ गुणांची येते, म्हणजे पंधरा गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचा खरा गुण अकरा ते एकोणीस यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तपासणीच करायची तर त्यासाठी बनवलेली साधने वापरावीत, आणि तेथेही सीमागुण उसना घेऊ नये. नैराश्यासाठीच्या ‘पीएचक्यू-९’ प्रश्नावलीचा १० हा सीमागुण २००१ मध्ये अमेरिकन प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्णांवर ठरला, आणि त्या वेळी संवेदनशीलता (नैराश्य असलेल्यांपैकी किती जण सापडले) व विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती जण बरोबर वगळले गेले) दोन्ही ८८ टक्के निघाल्या. हेच आकडे जसेच्या तसे धरून आणि उदाहरणापुरते दहा टक्के विद्यार्थ्यांना नैराश्य आहे असे मानून हिशेब करू: हजारांतील शंभर जणांपैकी ८८ सापडतील, पण उरलेल्या नऊशेंपैकी १०८ जणही चुकून पकडले जातील. म्हणजे बोलावलेल्या १९६ जणांत निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना नैराश्य नसेल. केंद्राकडे या सगळ्यांशी शांतपणे बोलायला मनुष्यबळ असेल तर हे ठीक आहे. नसेल तर गुण कमी-जास्त असलेल्यांची यादी फूदाओयुआनकडे जाते आणि विद्यार्थ्यावर शिक्का बसतो. शिवाय ‘पीएचक्यू-९’मधील नववे विधान मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ते विचारणाऱ्याने त्याच दिवशी उत्तर पाहून संपर्क साधण्याची व्यवस्था आधी उभी करावी. अशी व्यवस्था नसताना निनावी संशोधनात ते विधान घालू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

डेटा भारतात आणून विश्लेषण करण्याचा आपला बेत आहे, म्हणून कायद्याचाही उल्लेख करते. चीनचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे. आरोग्यविषयक माहितीला तो संवेदनशील मानतो आणि अशी माहिती घेण्यासाठी तसेच ती देशाबाहेर देण्यासाठी वेगळी संमती मागतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ओळख पटवणारे सगळे स्तंभ, आयपी पत्त्यासह, सहसंशोधकांनी तेथेच काढून टाकावेत, अथवा विश्लेषण त्यांनीच तेथे करावे आणि आपण फक्त आज्ञावली व सहसंबंधांचे तक्ते देवघेव करावेत. घटक विश्लेषणाचा मोठा भाग तक्त्यांवरूनही होतो. नक्की काय चालेल हे त्यांच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीने लेखी द्यायला हवे. माझ्या किंवा आपल्या अंदाजाचा येथे उपयोग नाही.

राहिली पुण्याची तुलना. पुण्यातील विद्यार्थ्यांना प्रश्नावली इंग्रजीतून देणार की मराठीतून, हे आपण लिहिलेले नाही, आणि त्यावर बरेच अवलंबून आहे, कारण इंग्रजी माध्यमातील व मराठी माध्यमातील विद्यार्थी यांच्यातच आधी मापन-समतुल्यता, म्हणजे प्रश्नावली दोन्ही गटांत एकच गोष्ट एकाच पट्टीवर मोजते का, हे तपासावे लागेल. ती टप्प्याटप्प्याने तपासतात: दोन्ही गटांत घटकरचना सारखी आहे का, मग भारांक (प्रत्येक विधान घटकाशी किती जोडलेले आहे ते) सारखे आहेत का, मग विधानांचे आरंभबिंदू (उभारी तेवढीच असताना विधानाला मिळणारा सरासरी गुण) सारखे आहेत का. दर टप्प्यावर सीएफआयमध्ये ०.०१ पेक्षा जास्त घट झाली तर थांबून कोणते विधान बिघडते आहे ते पाहतात. माझा अंदाज असा की भारांक बहुतेक जुळतील आणि सरळ विधानांच्या आरंभबिंदूंवर गाडी अडेल, कारण नम्रतेचा आणि मधल्या पर्यायाचा प्रश्न नेमका तेथेच उद्भवतो. तसे झाले तर चेंगडूची सरासरी अमुक आणि पुण्याची सरासरी तमुक असा तक्ता प्रबंधात घालू नये, कारण त्यातला फरक उभारीचा आहे की उत्तरे देण्याच्या सवयीचा, हे वेगळे काढता येणार नाही. त्याऐवजी उभारी आणि नैराश्य यांचा संबंध दोन्ही ठिकाणी सारखाच बळकट आहे का, हा प्रश्न विचारावा. नैराश्याच्या प्रश्नावलीचेही भारांक दोन्हीकडे जुळत असतील तर त्याच्या उत्तरासाठी आरंभबिंदू जुळण्याची गरज पडत नाही.